बेल वाजवून आत यायचं

काकू, तुमच्या पोर्चवर डबे ठेवायचा तो निळा कूलर परत आलाय.

तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. गराजच्या दाराशी तुमचे फिरायला जायचे बूट अजून तसेच पडलेत, आणि इकडे अमेरिकेतल्या आपल्या मॉरिसव्हिलच्या मराठी बायकांनी काकांसाठी डब्यांच्या पाळ्या लावूनही टाकल्या. वाईट हेतू कुणाचाच नाही हो. सगळ्यांचा जीव होता तुमच्यावर. पण ऑफिसातून येताना मी तुमच्या घरावरून वळले, तो कूलर दिसला आणि माझं डोकंच फिरलं. घरी येऊन भांडी आपटली, लेकीवर, रेवावर ओरडले, नवऱ्याने, समीरने काय झालं म्हणून विचारलं तर त्याच्यावरही ओरडले. बिचारा मुकाट्याने कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर गेला. मग मी ओट्याशी उभी राहिले आणि सवयीने तुमचा प्रश्न आठवला. पोट दुखतंय का, वैशाली?

हा तुमचा दवाखान्यातला प्रश्न. तुम्ही जन्मभर लहान मुलांच्या डॉक्टर. तुम्ही सांगायचात की मुलं सगळ्यालाच पोट दुखतं म्हणतात. शाळेत जायचं नसलं तरी पोट, घरात आई-बाबा अबोला धरून बसले तरी पोट. मूल खोटं बोलत नसतं, त्याच्याकडे तेवढा एकच शब्द असतो. आणि मोठ्या माणसांकडे राग आला हा एक शब्द असतो, असं तुमचं म्हणणं. तो राग खरा असतो, पण दुखत दुसरीकडेच असतं. मी नागपूरची, आमच्याकडे राग नाकाच्या शेंड्यावर नाही, नाकाच्या दोन इंच पुढे असतो. त्यामुळे तुमच्याकडे माझ्याइतकं नियमित येणारं पेशंट दुसरं नसेल.

पहिल्यांदा आले ते तुमचा स्टीलचा डबा परत द्यायला. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात बेसनाचे लाडू घालून आणले होते. तुम्ही चहा टाकलात आणि सहज विचारलंत, रेवा कशी आहे? झालं. मी जी सुटले ती सुटलेच. त्या रविवारी माझ्या आईचा फोन आला होता, आणि रेवाने हाय आजी, आय अ‍ॅम गुड, बाय आजी, एवढं म्हणून फोन माझ्या हातात कोंबला होता. आई तिकडून हसली, पण ते हसू मला कळतं. मी तुम्हाला म्हटलं, पोरगी उद्धट झालीये, हिला कुणाची काडीची किंमत नाही.

तुम्ही चहा गाळत होतात. मान वर न करता म्हणालात, "हा रेवाचा रिपोर्ट झाला. पेशंट तू आहेस. तुझं सांग."

खरं सांगू? मला ते मुळीच आवडलं नव्हतं. आले होते सहानुभूती मिळेल म्हणून आणि या बाई मलाच तपासायला लागल्या. मग मी समीरची तक्रार केली, की तो पोरीशी मराठीत बोलतच नाही. तर म्हणे, हा समीरचा रिपोर्ट. मग इथल्या शाळांना बोल लावला, तर हा शाळेचा. मी चिडले. तुम्ही लाडू खात राहिलात. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं की मला भीती वाटते. आईचं वय झालंय. एक दिवस या दोघी समोरासमोर बसतील आणि एकमेकींशी बोलायला त्यांच्याकडे काहीच नसेल, आणि मधे मी बसलेली असेन. माझी म्हणावीत अशी ही दोनच माणसं, आणि ती एकमेकींना ओळखतही नसतील. मी तुमच्या भांडी पुसायच्या टॉवेलात तोंड खुपसून रडले. तुम्ही उपदेश केला नाहीत, होईल सगळं नीट असंही म्हणाला नाहीत. फक्त विचारलंत, मग तुला काय हवंय? ते मात्र मला लगेच सांगता आलं. त्या दोघींचं एकमेकींशी काहीतरी असावं, माझ्याशिवायचं.

घरी जाऊन रेवाला हेच सांगितलं, जसंच्या तसं. ती हेडफोन काढून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "देन जस्ट से दॅट, आई. यू ऑलवेज स्टार्ट विथ व्हॉट्स राँग विथ मी." पुढच्या रविवारी तिने आजीला फोनवर आपली खिडकीतली निवडुंगाची कुंडी दाखवली. घरात काटे कोण ठेवतं बाप्पा, म्हणून आजीने तिला झापलं. तेव्हापासून दोघी दर रविवारी त्या काट्यांवरून वाद घालतात. अर्धं इंग्रजी, अर्धं नागपुरी, आणि मला मधे घेत नाहीत. काकू, याबद्दल मी तुम्हाला नीट थँक्यू कधी म्हटलंच नाही. लाडू तेवढे आणत राहिले.

म्हणजे मी तुमची शिष्या झाले असं कुणी समजू नये. भांडले मी तुमच्याशी, भरपूर. मला ते सगळं कृत्रिम वाटायचं. मला असं असं होतंय, मला अमुक हवंय, असं कोण बोलतं आपल्यात? आमच्या घरी दणकून भांडायचं आणि एका ताटात जेवायचं, झालं. तुम्ही म्हणायचात, ओरड की खुशाल, पण काय हवंय ते ओरड. माझ्या नागपुरी काहून काहूनची नक्कल करून मला अजून चिडवायचात. एकदा मीच तुम्हाला सांगितलं की आमच्या सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये असंच असतं. डेव्हलपर गाढव आहे असं आम्ही बग रिपोर्टमध्ये लिहीत नाही. बटण दाबलं, पान उघडायला हवं होतं, उघडलं नाही, एवढंच लिहितो. तुम्ही टाळी दिलीत. म्हणालात, मग ऑफिसात दिवसभर येतं ते घरी आल्यावर कुठे जातं गं?

पण आपलं खरं भांडण वेगळं होतं आणि ते मिटलेलं नाही. मी म्हणायचे, काकू, मनात ठेवणं हेही प्रेमच असतं. माझ्या आईने तिच्या गुडघ्यांचं मला कधी सांगितलं नाही, मी इथे लांब काळजी करत बसेन म्हणून. हे काय कमी प्रेम आहे? त्यावर तुम्ही म्हणायचात, "प्रेमच आहे. पण ते पोचत नाही." आणि मी म्हणायचे, पोचतं, पोचायला वेळ लागतो. इथे आपण दोघी थांबायचो आणि तुम्ही कुकर लावायला उठायचात.

मग तुमचं आजारपण आलं. पहिली केमो झाली, आणि आपल्याकडे अशा वेळी जे होतं ते झालं. डब्यांच्या पाळ्या लागल्या, पोर्चवर हा निळा कूलर आला, त्यात बर्फाच्या पिशव्या. नियम एकच, की बेल वाजवायची नाही. काकूंना झोप लागली असेल, इन्फेक्शनची भीती असते, उगाच उठायला लागेल. गाडी थांबवायची, झाकण उघडायचं, डबा ठेवायचा, झाकण लावायचं, निघायचं. हे आपल्याच लोकांना सुचू शकतं. कुणाच्या आजारपणात आमच्या नागपूरला घर माणसांनी गच्च भरायचं, बसायला खुर्च्या पुरायच्या नाहीत. इथे येऊन आपण इतके समजूतदार झालो की तुमच्या दाराशी रोज कुणीतरी यायचं आणि तुम्हाला कुणीच भेटायचं नाही.

काही आठवड्यांनी ग्रुपवर तुमचा निरोप आला. डबे बंद करा प्लीज, आम्हाला गरज नाही. बस, एवढाच. सगळ्यांची तोंडं पडली. एकजण म्हणाली मीठ जास्त झालं असेल, एकजण म्हणाली मोठ्या डॉक्टर आहेत, त्यांना कुणाचे उपकार नको असतात. मला तर धरून फटका मारल्यासारखं झालं. आदल्याच दिवशी मी ऑफिसची मीटिंग सोडून तुमच्यासाठी मऊ खिचडी करून नेली होती. मास्क लावला आणि तडक तुमच्याकडे आले. बेल दाबून ठेवली.

काकांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. तुम्ही मागच्या जाळीच्या पोर्चमध्ये बसला होतात, डोक्याला मऊ टोपी, अंगात काकांचं स्वेटर. मी दुसऱ्या टोकाला बसले आणि म्हटलं, काकू, मला भयंकर राग आलाय. तुम्ही हसलात, पोट दुखतंय का म्हणालात. मी म्हटलं, हो, दुखतंय. वाईट वाटलंय मला. मला तुमच्यासाठी काहीतरी करायचंय आणि तुम्ही ते करू देत नाही, म्हणून मला फार हताश वाटतंय. तुम्ही मान हलवलीत आणि लगेच डब्यांचं सांगायला लागलात. फ्रिज भरून वाहतोय, अन्न टाकवत नाही, काका एकटे किती खाणार, मला तर वासही सहन होत नाही. सगळं खरंच होतं. पण तुमचा हात त्या स्वेटरचं बटण काढत होता आणि लावत होता.

मी म्हटलं, "हा डब्यांचा रिपोर्ट झाला, काकू. पेशंट तुम्ही आहात."

बाहेर कुणीतरी लॉन कापत होतं, ते मशीन बंद झालं तेव्हा बोललात. "गाडी थांबल्याचा आवाज येतो. मी उठते. भिंतीला धरून खिडकीपर्यंत येते, तोवर गाडी गेलेली असते." मग म्हणालात, "मला डबा नको गं. मला माणूस हवंय. समोर बसून जेवणारं."

तुम्ही रडलात, काकू. मी तुम्हाला रडताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. जन्मभर लोकांना विचारत आले, म्हणालात, आणि स्वतःवर मागायची वेळ आली तर डबे बंद करा एवढंच लिहिता आलं. लाज वाटली म्हणालात. डॉक्टरला एकटं वाटतं हे कुणाला कसं सांगायचं? मला तेव्हा तुमची इतकी माया आली की मला उठून तुम्हाला कवटाळायचं होतं, पण मास्क लावून सात फुटांवर बसून मी नुसती नाक ओढत राहिले. काका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत गेले आणि कूलरमधला त्या दिवशीचा डबा उचलून घेऊन आले, तीन ताटल्यांसकट. मेथीची भाजी होती. तुम्ही दोन घास खाल्लेत आणि मग आमच्या जेवणाकडे बघत बसलात. त्या दिवशी काकांनी तुमच्या डॉक्टरला फोन करून विचारून घेतलं. सर्दी-खोकला नसलेलं एक माणूस, मास्क लावून, जेवताना लांब बसून, मोकळ्या पोर्चमध्ये, चालेल. मी ग्रुपवर लिहिलं की काकूंना डबा नको, सोबत हवीये. बेल वाजवून आत यायचं, आपलं ताट घेऊन यायचं आणि लांब बसून जेवायचं. ज्यांची तोंडं पडली होती त्याच सगळ्यात आधी आल्या. कूलर काकांनी गराजमध्ये टाकला.

ते पुढचे महिने तुमचे वेदनेचे होते, पण एकटीचे नव्हते. त्या पोर्चवर आपल्या लोकांनी काय काय सांगितलं असेल तुम्हाला. जर्सी सिटीहून नुकती इथे बदलून आलेली ती मुग्धा नवऱ्याला सोडून जायचं म्हणून आली होती आणि तिला फक्त थोडी झोप आणि एक मोकळी दुपार हवीये हे तिथेच तिच्या लक्षात आलं. तुम्ही डोळे मिटून पडलेल्या असायचात आणि मधेच म्हणायचात, हा नवऱ्याचा रिपोर्ट झाला.

आणि मग ती शेवटची भेट. शेवटच्या दिवसांत घरी येणारी हॉस्पिसची नर्स नुकतीच गेली होती. तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. तुम्ही माझा हात धरलात आणि विचारलंत, "वैशाली, तुझं सांग. तुला काय होतंय?"

मी म्हटलं, मी ठीक आहे काकू, तुम्ही आराम करा.

तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. दमलेल्या माणसाचं हसू होतं, पण त्यात थोडा खट्याळपणाही होता, म्हणजे सापडलीस की नाही, असा. मग तुम्हाला झोप लागली. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुणाला ओळखत नव्हतात. मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते, मरणाच्या दारातल्या माणसावर आपलं ओझं टाकायचं नसतं. मी तुम्हाला जपलं. त्यात प्रेमच होतं. पण मला काय होत होतं ते आता सांगते. मला भीती वाटत होती की या देशात मला पेशंट तू आहेस म्हणणारं कुणी उरणार नाही. मला तुम्ही अजून हव्या होतात. मला तुम्हाला काकू नाही, आई म्हणावंसं वाटत होतं, आणि माझी खरी आई नागपूरला धडधाकट असताना असं वाटणं बरं की वाईट ते कळत नव्हतं. एवढं सगळं होतं आणि मी ठीक आहे म्हणाले. हे तुमच्यापर्यंत पोचलं का नाही, यावर आपलं भांडण आता कधीच मिटायचं नाही.

म्हणून तो कूलर पाहून माझं डोकं फिरलं होतं, हे ओट्याशी उभं राहिल्यावर कळलं. गुरुवारी डब्याची पाळी माझी होती. तुमच्यासारखी आमटी केली, गूळ-चिंचेची. तुमच्या पोर्चवर गेले. आणि काय सांगू काकू, सवयीने झाकण उघडलं, डबा आत ठेवला, झाकण लावलं आणि गाडीकडे वळलेसुद्धा. तितक्यात बेलच्या कॅमेऱ्यातून काकांचा आवाज आला. ते आतून बघत होते. गाडी थांबल्याचा आवाज त्यांनाही येतो. म्हणाले, थँक्यू वैशाली, मी ठीक आहे हां, तू जा, रेवा वाट बघत असेल.

मी त्या काळ्या काचेच्या डोळ्यासमोर येऊन उभी राहिले. त्यांना विचारणार होते, की काका, तुम्ही जेवलात का, झोप लागते का, तुम्हाला काय होतंय. ओठावर आलं होतं. पण तो काकांचा रिपोर्ट झाला असता.

"काका, मी ठीक नाहीये," मी म्हटलं. "मला काकूंची फार आठवण येते. घरी मला जेवण जात नाही. मला तुमच्या टेबलाशी बसून जेवायचंय."

शेजारच्यांचा कुत्रा भुंकून गप्प झाला. मला वाटलं, मी चुकले, माणूस आपल्या दुःखात आहे आणि मी माझं रडगाणं घेऊन आले. मग कडी सरकली. काका दारात उभे, दाढी वाढलेली, अंगात तेच स्वेटर जे तुम्ही घालायचात. त्यांनी कूलरमधून डबा काढला आणि आत चालायला लागले. मी मागोमाग गेले.

आम्ही जेवलो. तुमच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. ते आमटीत गूळ जरा जास्त झालाय म्हणाले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. ताटावरून उठताना त्यांनी मला विचारलं, "हे तू माझ्यासाठी म्हणालीस ना? हिने शिकवलं असणार तुला, असं म्हटलं की म्हातारा दार उघडेल."

"नाही काका," मी म्हटलं. "माझ्यासाठीच म्हटलं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, तुम्ही बघायचात तसं. आणि मग ते खाली बसले आणि रडले, आणि मीही रडले, आणि या वेळी मला सात फुटांवर बसायचं नव्हतं. निघाले तेव्हा त्यांनी कूलर उचलून गराजमध्ये तुमच्या बुटांशेजारी ठेवला आणि विचारलं, उद्या कोण येणार आहे जेवायला.